अर्ध्याच्या पुढचा आवाज

तात्यांच्या हातून दुरुस्त झालेला रेडिओ डोळे मिटूनसुद्धा ओळखता यायचा. आवाजाचं बटण पिळत न्यावं, आणि बरोबर मध्यावर ते थांबावं. तिथून पुढे काही केल्या सरकायचं नाही. गिऱ्हाईक घाबरून रेडिओ काखेत मारून दुकानात परत यायचं.

"तात्या, बटण अडकलंय हो."

"अडकलं नाही, अडवलंय," तात्या मान वरसुद्धा न करता सांगायचे.

बटणाच्या दांड्यापाशी, आतल्या बाजूला, त्यांनी पितळेचा एक इवलासा स्क्रू बसवलेला असायचा. त्याच्या पुढे गेलं की आवाज फाटतो, आणि आपल्या दुकानातून फाटका आवाज बाहेर पडला असं कोणी म्हटलं असतं तर तात्यांना अन्न गोड लागलं नसतं. त्यावरून गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं, अर्धे तात्या. पाटीवर दुकानाचं चांगलं भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पोस्टमनसुद्धा दारातून "अर्धे तात्या आहेत का?" अशीच हाळी द्यायचा, आणि तात्या "पूर्ण आहेत, या," म्हणून उत्तर द्यायचे.

एकदा कोपऱ्यावरचा लोहार आला. जन्मभर घण घालून बिचाऱ्याचे कान गेलेले. तो हातापाया पडला, म्हणाला, माझ्यापुरता तेवढा स्क्रू काढा. तात्यांनी विचार केला, डोकं खाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लोहाराच्या घरी जाऊन त्याची आरामखुर्ची उचलून रेडिओला चिकटवून ठेवली. "आवाजाला ओढायचं नाही," ते म्हणाले, "आपण त्याच्याकडे जायचं." लोहारानं मरेपर्यंत तसाच, रेडिओला गाल लावून, बातम्या ऐकल्या. त्याची बायको म्हणायची, माझ्याशी कधी इतक्या जवळ बसून बोलले नाहीत.

आता माणूस असा का होतो, तर त्यालाही कारण असतं. तात्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी. घर गिरणीच्या पाठीमागेच. पहाटेपासून पट्टा फिरायला लागला की भिंती थरथरायच्या, आणि घरातलं प्रत्येक माणूस ओरडून बोलायचं. मीठ मागायचं तर ओरडून, अंगाई म्हणायची तीही ओरडून. अशा घरातलं पोर एकदा शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीत काही निरोप घेऊन गेलं, आणि तिथे टेबलावरच्या लाकडी पेटीतून कोणी एक बाई अगदी हळू, शांत आवाजात बोलत होती. हळू बोलत होती आणि तरी अख्खी खोली तिनं भरली होती. पोर निरोप विसरलं, तोंड उघडं टाकून उभं राहिलं. हेडमास्तरांनी छडी दाखवली तेव्हा भानावर आलं. पण त्या दिवशी जे वेड लागलं ते लागलं.

लग्नसुद्धा त्याच वेडातून जमलं. माईंच्या माहेरचा रेडिओ बिघडला होता. तात्यांनी तो एका बैठकीत दुरुस्त केला आणि नंतर पुन्हा पुन्हा जात राहिले. म्हणे, अजून थोडी खरखर राहिली आहे. माईंचे वडील भोळे, त्यांना खरंच वाटलं. माई आजही वाटाणे सोलता सोलता ऐकवतात, "खरखर कसली डोंबलाची! रेडिओ उघडून ठेवायचे आणि बघायचे स्वयंपाकघराकडे." तात्या त्यावर चष्मा पुसायला घेतात.

पुढे व्हॉल्व्हचे, काचेच्या दिव्यांवर चालणारे रेडिओ गेले. खिशात मावणारे आले, मग टेलिफोनमध्येच सगळं आलं, आणि दुकानाचा पुढचा भाग तात्यांनी किल्ल्या बनवणाऱ्याला दिला. मागची खोली मात्र सोडली नाही. तिथे मांडणीवर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, वाटीएवढे, अंगठ्याएवढे, काचेचे. तात्या अधूनमधून एखादा सोडून बघायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे, जशी माणसं बाळाच्या तोंडावरचं पांघरूण जरा सरकवून बघतात. काम करताना त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात. व्हॉल्व्हच्या यंत्रात जीवघेणी वीज खेळते, आणि दोन्ही हात आत असले तर ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर जाते. म्हणून एकच हात आत घालायचा, हा त्यांचा नेम. माईंचा नेम म्हणजे त्यांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा शिवत बसणं.

अशा घरात सूनबाई आल्या, त्या गिटार घेऊन.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या. दिवसभर बारीक नजरेचं काम, आणि संध्याकाळी गिटार. जोडीला दोघं. एक वेल्डिंगवाली, दिवसभर लोखंडी फाटकं जोडायची आणि संध्याकाळी ड्रम बडवायची. तिच्या मते दोन्ही कामं एकच. दुसरा बेकरीवाला, जाड तारांची बेस गिटार वाजवणारा, बोलायला महाकंजूष. शनिवारी दुपारी पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानात तिघं वाजवायची. चार माणसं ऐकायची, दोन टाळ्या वाजवायची. पण सूनबाई शुक्रवारपासूनच घरात गुणगुणत फिरायच्या, आणि ते माईंना फार आवडायचं.

एक दिवस सूनबाईंचा अँप्लिफायर जळाला. विकतचा होता, धूर काढून गप्प झाला. सूनबाई तो मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या, तेवढ्यात तात्या आले.

"बाबा, हा उघडून बघता का?"

तात्यांनी उघडला, आत डोकावले आणि नाक मुरडलं. "याला काय बघायचं? ठेव तो. मी तुला व्हॉल्व्हचा बनवून देतो."

त्या दिवसापासून तात्यांचं वय उतरलं. मांडणीवरचे व्हॉल्व्ह उघडले गेले. जुन्या रेडिओग्रामचा ट्रान्सफॉर्मर निघाला, पलंगाशेजारचं माईंचं लाकडी कपाट खोक्यासाठी गेलं. माई ओरडल्या, पण कपाटातल्या वस्तू आधीच काढून ठेवल्या होत्या त्यांनीच. खोलीत सोल्डरचा वास दरवळू लागला. डावा हात खिशात, उजव्यात कांडी, ओठांवर शीळ. शेवटी एका संध्याकाळी खोका तयार झाला. चालू केल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस होत गेले, आणि सूनबाईंनी तार छेडली.

काय तो आवाज! नितळ. भांड्यात पाणी पडावं तसा. तात्यांचे डोळे भरून आले. सूनबाई हसल्या, आणखी एकदा छेडली, मग बटण पिळलं. ते मध्यावर थांबलं.

"बाबा, हे पुढे जात नाही."

"जाऊ नये म्हणूनच तर," तात्या अभिमानानं म्हणाले.

सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणालाच बोलवलं नसतं. त्यांनी खोका सायकलच्या मागे बांधला आणि सरावाला गेल्या.

परत आल्या त्या पडलेला चेहरा घेऊन. मग हे नेहमीचंच झालं. सरावाला जायच्या, गप्प परत यायच्या, गुणगुणणं बंद. तात्या रोज विचारायचे, "काय म्हणतो खोका?" आणि सूनबाई म्हणायच्या, "छान आहे, बाबा." अखेर माईंना राहवलं नाही. सून न्हाणीघरात गेलेली बघून त्यांनी तात्यांना गाठलं.

"अहो, जरा इकडे या. त्या पोरीला काढताहेत."

"कुठून काढताहेत?"

"तिच्या त्या वाजवण्यातून. ती वेल्डिंगवाली काल दारात आली होती. म्हणाली, आज गिटार वाजत होती का? माझ्या कानावर तर आलीच नाही. या शनिवारी असंच झालं तर पुढच्या आठवड्यापासून शिंप्याचा भाऊ येतोय, की-बोर्ड घेऊन."

"मग ती मला का सांगत नाही?"

"तुमचं तोंड बघून! लहान पोराला खेळणं दिल्यासारखे बघत असता खोक्याकडे. तिला मेलीला ते मोडायचं जिवावर येतं."

तात्या मटकन खाली बसले. सुनेची जागा जाणार, आणि ती आपल्या नितळ आवाजापायी जाणार. चहा गार झाला. मग उठले, मागच्या खोलीत गेले, खोका उघडला आणि पितळेचा स्क्रू काढून टाकला. असा स्क्रू स्वतःच्या हातानं काढायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. सूनबाईंना हाक मारली.

"पिळ आता. कुठवर पिळायचं तिथवर."

सूनबाईंनी आधी माईंकडे बघितलं, मग बटण शेवटपर्यंत पिळून तार छेडली. आवाज मोठा झाला, पण तसाच सोज्वळ. टोकाला जरा खरखरला, तोही लाजत लाजत.

"आता कसा पाहिजे ते तरी सांग," तात्या म्हणाले. "नुसता मोठा पाहिजे का?"

सूनबाईंनी टेलिफोनवर एक वादन लावलं. गिटारच होती, पण घसा फुटलेली, गुरगुरणारी. तात्या मान तिरकी करून ऐकत राहिले.

"सूनबाई, हा सेट आजारी आहे. दुरुस्तीला द्यायला हवा."

"तो मुद्दाम तसा वाजवतात, बाबा."

"मुद्दाम? घसा बसला तर माणूस काढा घेतो. मुद्दाम कोणी बसवतं का?"

सूनबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बाबा, आई तुम्हाला जेवायला पहिल्यांदा हाक मारतात ना, ती कशी असते?"

"कशी म्हणजे? गोड असते."

"आणि तिसऱ्यांदा मारतात ती?"

तात्यांनी दाराकडे चोरून बघितलं.

"शब्द तेच असतात," सूनबाई म्हणाल्या. "पण तिसऱ्या हाकेला तुम्ही उठता. मला ती तिसरी हाक पाहिजे."

दारातून माईंनी लगेच नमुना दिला. "अहो! जेवायला येताय, की ताट झाकून ठेवू?" आवाज असा चिरत गेला की मांडणीवरची एक काच किणकिणली.

तात्या बघतच राहिले. बायकोकडे, मग खोक्याकडे. "अस्सं होय," ते पुटपुटले. "असं सांग की मग."

जेवण झाल्याबरोबर ते कामाला भिडले. सगळ्यात आधी निघाली ती कानपिळी. हे नाव तात्यांचंच. खोक्याच्या शेवटच्या टोकापासून एक तार ते नेहमी मागे, सुरुवातीच्या व्हॉल्व्हकडे आणायचे. आवाज जरा वाकडा व्हायला लागला की ती तार सुरुवातीच्या व्हॉल्व्हचा कान पिळायची आणि त्याला सरळ करायची. त्यांच्या यंत्रांचा सगळा सोज्वळपणा त्या एका तारेत होता. त्यांनी ती कापली. कापताना जोडीदाराची माफी मागावी तसं काहीतरी पुटपुटले.

मग दोन बटणं बसवली. एक सुरुवातीला, त्याला सूनबाई गेन म्हणायच्या. दुसरं शेवटी. माईंना कळेना की एका आवाजाला दोन बटणं कशाला.

"हे पहिलं म्हणजे तू किती रागावलीस," तात्यांनी समजावलं. "आणि हे दुसरं म्हणजे ते शेजाऱ्यांना किती ऐकू गेलं."

"शेजाऱ्यांना सगळंच ऐकू जातं," माई म्हणाल्या.

"तुझं जातं. खोक्याचं वेगळं. दात ओठ खाऊन, पण हळू आवाजात रागावता येतं की नाही? पहिलं बटण वर, दुसरं खाली. तसं."

गेन वाढवला तशी नवी दुखणी निघाली. खोका हूं हूं करून घुमायला लागला. तात्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला, तारा आखूड केल्या, एकमेकींपासून दूर नेल्या, तेव्हा तो घुमायचा थांबला. मग सूनबाईंनी हौसेनं गेन टोकाला नेला आणि सगळ्या तारा एकदम झणकारल्या. चिखल! नुसता चिखल. कोणती तार कुठे वाजली काही पत्ता लागेना. सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

"आता सुरुवातीपासूनच तिसरी हाक झाली, बाबा. काय बोलताहेत तेच कळत नाही."

"थांब," तात्या म्हणाले. "हळू छेड. आता जोरात. पुन्हा हळू."

त्यांनी डोळे मिटले आणि पहिलं बटण केसाकेसानं फिरवायला लागले. त्यांना हवी होती ती जागा, जिथे हळू छेडलं तर आवाज नितळ राहील आणि जोरात छेडलं की फाटेल. आणि खरं सांगायचं तर ती जागा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? जन्मभर तिच्या एक पाऊल अलीकडे थांबण्याचाच त्यांनी धंदा केला होता. कड्याच्या टोकाला कुंपण घालणाऱ्याला कडा पाठ असतो, तसं. बोटं थांबली. सूनबाईंनी हळू छेडलं, पाणी पडलं. जोरात छेडलं आणि खोका असा गुरकावला की पुढच्या भागातला किल्ल्यावाला हातातली किल्ली टाकून धावत आला.

"काय झालं? काय फुटलं?"

"काही नाही," तात्या म्हणाले. "जेवायला बोलावलंय."

शनिवारी तात्या आणि माई पहिल्यांदाच कॉफीच्या दुकानात गेले. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता. दुकान बऱ्यापैकी भरलेलं होतं, आणि पुढच्याच टेबलावर शिंप्याचा भाऊ बसला होता, मांडीवर की-बोर्डची लांब पिशवी, तिची चेन अर्धी उघडलेली. माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कॉफी सांडली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि तात्यांचा जीव खाली वर व्हायला लागला. मागच्या खोलीत गुरकावणारा खोका इथे कुठे होता? वेल्डिंगवालीचा ड्रम, माणसांची कुजबुज, कपांचे आवाज, आणि त्यात गिटार बुडाली होती. सूनबाईंनी घाबरून गेन टोकाला नेला. झालं, पुन्हा चिखल. आवाज नुसताच गरगरायला लागला. वेल्डिंगवालीनं भुवया चढवल्या. बेकरीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. गाणं संपलं तेव्हा दोनच टाळ्या वाजल्या. त्यातल्या दोन्ही माईंच्या.

शिंप्याच्या भावानं चेन आणखी थोडी ओढली.

तात्या उठले. कंबरेत वाकून, टेबलांमधून वाट काढत, लोकांच्या पायांना "माफ करा, माफ करा" म्हणत खोक्यापाशी जाऊन उकिडवे बसले. डावा हात आपोआप खिशात.

"बाबा, काय करू?" सूनबाईंचा आवाज रडकुंडीला आला होता. "गेन पूर्ण आहे, तरी मी कुठेच नाही."

"पूर्ण आहे म्हणूनच नाहीस. सगळीकडे सारखंच फाटलेलं आहे, त्यातलं तुझं कुठलं ते कोणी ओळखायचं?" तात्यांनी पहिलं बटण मागे आणलं. खूप मागे. सूनबाईंनी घाबरून त्यांचा हात धरला.

"बाबा, इतकं कमी? मग नितळ होईल पुन्हा!"

"होऊ दे. रागावणं कमी, ऐकू जाणं जास्त." आणि त्यांनी दुसरं बटण वर नेलं, मध्याच्या पुढे, आणखी पुढे, पार टोकाजवळ. आतले व्हॉल्व्ह तांबूस चमकत होते. "खोली माणसांनी भरली की आवाज पिते. म्हणून हे वर पाहिजे. आणि आता फाडायचं ते तुझ्या हातानं. बटणावर सोडू नकोस."

"आणि हात घाबरला तर?"

"तर पाणी पडेल. पडू दे. पाणीही वाईट नसतं."

वेल्डिंगवाली मागून ओरडली, "काका, झालं का? की कॉफी सांगू?"

"झालं, झालं," म्हणत तात्या बाजूला सरले, पण आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

सूनबाईंनी सुरुवात अगदी हळू केली. एकेक तार वेगळी, स्वच्छ, काचेवर बोट फिरवावं तशी. कुजबुज थोडी कमी झाली. वेल्डिंगवालीनं हळूच काठ्या टेकवल्या, बेकरीवाल्याची जाड तार खालून चालायला लागली. मग एका वळणावर सूनबाईंनी डोळे मिटले, ओठ दाबले, आणि हात उचलून सणकन खाली आणला.

आवाज फाटला. पण असा फाटला की त्यातली प्रत्येक तार मोजून घ्यावी. कपातले चमचे किणकिणले. दारातून बाहेर चाललेला एक माणूस उलटा फिरला. सूनबाईंनी हात सैल सोडला, आवाज पुन्हा नितळ, पुन्हा सणका, पुन्हा तसाच फाटका, रागावलेला, आणि तरी ओळखीचा. तात्या भिंतीला टेकून ऐकत होते आणि त्यांची मान, त्यांच्या नकळत, ड्रमच्या ठेक्यावर हलत होती. बरं, हलत होती ती हलत होती, वर माईंना डोळ्यानं खुणावत होते की ऐक, ऐक, आता बघ काय करते ती.

शेवटच्या सणक्यावर गाणं तुटलं. मग टाळ्या. चांगल्या भरघोस. बेकरीवाला मान वर करून चक्क हसला, आणि त्याच्या बाबतीत ते भाषण केल्यासारखंच होतं. शिंप्याच्या भावानं पिशवीची चेन ओढून बंद केली आणि आणखी एक कॉफी मागवली.

वेल्डिंगवालीनं काठीनं मानेवरचा घाम पुसला आणि पुढे वाकली.

"ए, जरा कमी कर की! मला माझाच ड्रम ऐकू येईना झालाय."

सूनबाईंनी मागे वळून खोक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू जोरात वाजव."

वेल्डिंगवाली एकदम खदखदून हसली, काठ्या डोक्यावर नेल्या, एकमेकींवर आपटल्या, आणि पुढचं गाणं सुरू झालं.